व्याख्या पाठ करू नका, बाबासाहेबांचे पान उघडा

एम. ए. इंग्रजी करणारी आपली मुले-मुली अ‍ॅनाफोरा, अँटिथेसिस, ऱ्हेटरिकल क्वेश्चन यांच्या व्याख्या गाईडमधून पाठ करतात आणि पेपर झाला की विसरतात. इंग्रजी साहित्य आपले नाहीच, हा न्यूनगंड मात्र मागे उरतो.

मित्रांनो, १९३६ चे 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' उघडा. राजकीय सत्ता मागणाऱ्या हिंदूंना बाबासाहेब विचारतात, तुम्ही त्या सत्तेला पात्र आहात का? सुरुवात तीच ठेवून हा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो: शाळेबद्दल, विहिरीबद्दल, रस्त्याबद्दल, कपडे-दागिन्यांबद्दल, अन्नाबद्दल. तीच सुरुवात वारंवार येणे म्हणजे अ‍ॅनाफोरा. उत्तर उघड असूनही विचारलेला प्रश्न म्हणजे ऱ्हेटरिकल क्वेश्चन. ही सजावट नव्हे. नाकारलेला एकेक हक्क इथे मोजून दाखवला आहे. समोरच्याला पळवाटच उरत नाही.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत त्यांनी राजकारणातली समता आणि समाजातली विषमता समोरासमोर उभी केली. ही अँटिथेसिस.

नुसते भारावून जाणे पुरेसे नाही. युक्तिवाद कसा बांधला आहे हे या संज्ञांमुळे दिसते आणि मग तो आपल्यालाही बांधता येतो. 'शिका' या आदेशात हेही आले.

जय भीम!