आधी आकृती, मग सूत्र

मान्यवर विश्वस्त, पालक बंधु-भगिनींनो आणि विद्यार्थी मित्रांनो,



सहामाही परीक्षेचा निकाल लागल्यावर नववी व अकरावीच्या काही पालकांनी आमची भेट घेतली. सर्वांची तक्रार एकच होती. "सर, गतीच्या नियमांवरची गणितं पूर्वी फळ्यावर सोडवून लिहून देत होते. यंदा ते बंद का केलं? मुलांचे नंबर कमी आले." तक्रार खोटी नाही. गुण कमी झाले आहेत. पद्धत बदलण्याचा निर्णय आमचा होता, तेव्हा त्याचे उत्तर देणेही आमचेच काम आहे.

परीक्षेत एक साधा प्रश्न होता. २० किलोग्रॅमची पेटी जमिनीवर ठेवली आहे. तिला दोरीने ६० न्यूटन बलाने आडवे ओढले. घर्षणाचे बल २० न्यूटन आहे. पेटीचे त्वरण किती? पुष्कळ मुलांनी ६० भागिले २० केले आणि ३ उत्तर लिहिले. सूत्र बरोबर, भागाकार बरोबर, उत्तर चूक.

त्यांतल्या एका मुलाला आम्ही कार्यालयात बोलावले. त्याला सूत्र विचारले नाही. एवढेच म्हटले, "पेटीचं चित्र काढ आणि तिला कोण कोण ओढतंय ते सांग." त्याने चौकोन काढला आणि म्हणाला, "दोरी पुढे ओढते. जमीन मागे धरून ठेवते." "मग ६० पैकी उरलं किती?" तो स्वतःशीच हसला. ६० वजा २० म्हणजे ४०, भागिले २०, म्हणजे २ मीटर प्रति सेकंद वर्ग, असे त्याने न विचारता लिहून दिले. त्याला सगळे येत होते. फक्त तो पेटीकडे न पाहता थेट सूत्राकडे धावला होता, आणि तसे धावायला आम्हीच शिकवले होते. "दिलेले आहे, काढायचे आहे, सूत्र" या तीन ओळी वर्षानुवर्षे आम्हीच फळ्यावर लिहीत आलो.

आमचे स्वतःचे शिक्षणही असेच झाले. बी. एस्सी. हिंदी माध्यमातून केले, गाइडमधले नमुने पाठ केले आणि चांगल्या गुणांनी पास झालो. नोकरीच्या पहिल्या वर्षी एका मुलीने विचारले, "सर, लिफ्ट एकसारख्या वेगाने वर जात असली, तर आत वजनकाट्यावर उभ्या असलेल्या माणसाचं वजन जास्त दिसेल का?" आम्ही बेधडक "हो" म्हटले. रात्री कागदावर आकृती काढली तेव्हा चूक कळली. वेग बदलतच नसेल तर त्वरण शून्य, म्हणजे काट्याचा वरचा रेटा आणि पृथ्वीची खालची ओढ सारखीच. ५० किलोग्रॅमच्या माणसाला तो काटा लिफ्ट थांबलेली असताना ४९० न्यूटन रेटा देतो आणि एकसारख्या वेगाने वर जातानाही तेवढाच. फरक पडतो तो फक्त लिफ्ट सुरू होताना आणि थांबताना. दुसऱ्या दिवशी वर्गात चूक कबूल केली. पदवी हातात होती, पण त्या विषयाचा विचार आम्ही त्या रात्री पहिल्यांदा केला.

ही गोष्ट आपल्याच शाळेची नाही. अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझुर या प्राध्यापकांना १९९० च्या सुमारास हाच अनुभव आला. अवघड गणिते सोडवणारी त्यांची मुले बल आणि गतीवरच्या आकडेमोड नसलेल्या साध्या प्रश्नांना अडखळली. मग त्यांनी व्याख्यान कमी केले आणि मुलांना शेजारच्याशी वाद घालून उत्तर ठरवायला लावले. आपल्या मध्य प्रदेशातही १९७२ साली होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत मुलांनी स्वतः करून पाहून विज्ञान शिकण्याचा कार्यक्रम सुरू झाला आणि तो २००२ पर्यंत चालला. म्हणजे आम्ही काही नवे सांगत नाही.

आपल्या मुलांची आणखी एक अडचण आहे, ती भाषेची. घरी आजी म्हणते "जोर लाव". हिंदी पुस्तकात "द्रव्यमान" आणि "भार", मराठी पुस्तकात त्यालाच "वस्तुमान" आणि "वजन", आणि कोचिंगमध्ये "मास" आणि "वेट". त्यात बाजारात आपण सगळेच "पाच किलो वजन" म्हणतो. मुलाचा गोंधळ झाला तर नवल नाही. पण हीच आपली जमेची बाजूही होऊ शकते. जो मुलगा इंग्रजीतला प्रश्न आजीला मराठीत समजावून सांगू शकतो, त्याला तो प्रश्न कळला असे आम्ही समजतो. ज्याला सांगता येत नाही, त्याने अजून पेन उचलू नये.

पालकांना आमची विनंती आहे की मूल अडले तर लगेच उत्तर सांगू नका, मोबाइलवर शोधूनही देऊ नका. स्वतःला विज्ञान येत नसले तरी चालेल. फक्त चार प्रश्न विचारा. कोणत्या वस्तूबद्दल बोलतो आहेस? तिला कोण कोण ओढते किंवा ढकलते? वस्तू कुठल्या बाजूला जाईल असे तुला वाटते? आणि आलेले उत्तर खरे वाटते का? शेवटचा प्रश्न विसरू नका. स्कूटरचा वेग सेकंदाला ३०० मीटर आला, तर मुलाने स्वतःच थांबायला हवे.

काही पालक म्हणतात, परीक्षेत वेळ कुठे असतो? मुद्दा रास्त आहे. सूत्रे पाठ हवीतच, सरावही हवा, आणि परीक्षेच्या आधी सोडवलेली गणिते आम्ही जरूर देऊ. पण आकृती काढायला एक मिनिट लागते. चुकीच्या वाटेने गेलेले गणित खोडून पुन्हा मांडायला पाच मिनिटे जातात. आणि प्रश्न थोडा फिरवून विचारला, की पाठ केलेला नमुना कामाला येत नाही.

विश्वस्त मंडळाकडे दोन गोष्टी मागतो. नववी ते अकरावीला आठवड्यातून एकदा दोन तास सलग द्यावेत, म्हणजे मुलांना आपसांत बोलून गणित सोडवता येईल. आणि काही स्प्रिंगचे काटे, कप्प्या व लाकडी फळ्या घेऊन द्याव्यात. खर्च फार नाही. तिरप्या फळीवरून वीट ओढून पाहिलेल्या मुलाला ३० अंशांच्या उतारावर वजनाचा निम्मा हिस्सा उताराच्या दिशेने ओढतो, हे पाठ करावे लागत नाही. मग किल्ल्याच्या चढावर बंद पडलेली स्कूटर ढकलतानाही त्याला हे आठवेल.

आणि विद्यार्थी मित्रांनो, यापुढे शाळेच्या चाचण्यांत पाच गुणांच्या गणितापैकी दोन गुण आकृतीचे राहतील. उत्तर चुकले तरी बाणांची आकृती बरोबर असेल तर ते दोन गुण मिळतील. चूक करा, पण आपली करा. गाइडमधून उतरवलेले बरोबर उत्तर आम्हाला काहीच सांगत नाही. तुमची चुकीची आकृती मात्र तुम्ही कुठे अडलात ते दाखवते, आणि तिथून पुढे आपण बरोबर चालू शकतो.

वार्षिक परीक्षेपर्यंत आम्हाला वेळ द्या. त्यानंतर गुणपत्रक घेऊन जरूर या. आम्ही मुलाची कॉपी उघडून ठेवू, दोन्ही मिळून पाहू.

आपले,
प्राचार्य