‘आधी माणसं’ म्हणणाऱ्या मित्रास



गेल्या महिन्यात एका जेवणात मला ऐकवलं गेलं, "विदर्भात शेतकरी मरताहेत आणि तू शनिवारी सकाळी मुंगसाची शी काढतेस?" बोलणारे गृहस्थ आपल्यातलेच, पुरोगामी, भरपूर वाचणारे. तिथे हसून वेळ मारून नेली. उत्तर आता देते.

पहिलं म्हणजे ते मुंगूस नाही. फेरेट हा पाणमांजराच्या कुळातला, युरोपातल्या पोलकॅटपासून माणसाने माणसाळवलेला प्राणी. इथे न्यू जर्सीत आमच्या शेल्टरमध्ये हा आला तेव्हा फॉर्मवर नाव होतं 'लाडू'. (तिथल्या बायका 'लॅडू' म्हणतात.) सोडण्याचं कारण: मुलगा कॉलेजला गेला, वास येतो. आहार: दूध, सीरिअल, बेदाणे. घरात मांस आणायचं नाही, म्हणून.

फेरेट निव्वळ मांसाहारी. आतडं इतकं आखूड की खाल्लेलं तीन-चार तासांत बाहेर. धान्यातला कोंडा त्याच्या काही कामाचा नाही. लाडू पाच वर्षांचा. आला तेव्हा मागचे पाय लुळे, तोंडातून लाळ, नजर एकटक. इन्सुलिनोमा, म्हणजे स्वादुपिंडातली गाठ. इन्सुलिन अती झालं की रक्तातली साखर कोसळते. फेरेटांत हा आजार सर्रास होतो, तेव्हा तो बेदाण्यांनीच झाला असं मी म्हणणार नाही. पण गोड खाल्लं की इन्सुलिन आणखी उसळतं आणि तो आणखी कोसळतो, हे नक्की.

दिवसातून दोनदा प्रेडनिसोलोन, दर तीन-चार तासांनी कोंबडीची पातळ पेज, कोमट करून बोटावर चाटवायची. कोसळला तर हिरड्यांना किंचित मध, आणि शुद्धीवर आला की लगेच मांस. मी जन्माची शाकाहारी. पहिल्या दिवशी मिक्सरमधून कोंबडी काढताना ओकारी आली. पण आपल्या ताटाची अहिंसा दुसऱ्याच्या पोटावर लादायची, याला अहिंसा कसं म्हणायचं?

आता 'आधी माणसं'. हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. आधी राजकीय हक्क, समाजसुधारणा मागाहून, हे आगरकरांना ऐकवलं गेलं होतं. 'केसरी' सोडून 1888 साली त्यांनी 'सुधारक' काढला तो याच वादातून. लाडूची तुलना मी कोणत्याही माणसाच्या दुःखाशी करत नाही. तुलना रांगेची आहे. 'तुमचा नंबर नंतर' म्हणणारा पुढच्या नंबरासाठी तरी काय करतो, एवढंच मी पाहते. माझ्या शनिवारच्या दोन तासांमुळे विदर्भातलं कोणाचं काय अडलं? गृहस्थांनी त्या शनिवारी काय केलं, हे मी जेवताना विचारलं नाही. आता विचारते.

दुसरा टोमणा अधिक लागला: "तुम्ही शास्त्रज्ञच तर त्यांच्यावर प्रयोग करता." करतो. मी केलेत. 1933 साली लंडनमध्ये स्मिथ, अँड्र्यूज आणि लेडलॉ यांनी माणसाच्या फ्लूचा विषाणू वेगळा केला तो फेरेटांमुळे. एक फेरेट स्मिथच्या तोंडावर शिंकला आणि त्याला फ्लू झाला. त्याच्याकडून मिळालेला विषाणू आजही त्याच्या आद्याक्षरांनी, 'डब्ल्यूएस' म्हणून ओळखला जातो. फ्लूच्या लशी तपासायला अजून हाच प्राणी लागतो. दर हिवाळ्यात दंडावर लस टोचून घेणारे आपण सगळेच या व्यवहारात आहोत. प्रयोग संपल्यावर ज्यांना मी मारलं, त्यांच्या कानांत गोंदणाचे ठिपके होते. लाडूच्या कानातही आहेत. घाऊक पैदाशीची खूण ती. पिंजरा पुसताना कान दिसतो आणि मला त्या संध्याकाळी बरं वाटत नाही. याची भरपाई होते असा माझा दावा नाही.

त्या कुटुंबावर मात्र माझा राग नाही. मध्यरात्री पार्कात सोडून दिला नाही, रांगेत उभं राहून फॉर्म भरला, काय खायला घातलं ते खरं लिहिलं. आणि वास येतो, हेही खरंच आहे.

लाडू आता हॅमॉकमध्ये स्वतःहून चढतो, दोनदा घसरून. पुढच्या शनिवारी नऊला शेल्टरचं दार उघडतं. गृहस्थांना यायचं असेल तर जुने कपडे घालून यावं. पेज मी आणते.