क्रँकशाफ्ट चोर नव्हे

इंजिनाच्या सुधारकांचा एक जुना पंथ आहे. त्यांचा आक्षेप असा: पिस्टन अगदी वर, टॉप डेड सेंटरला असतो तेव्हा सिलिंडरमधला दाब जबरदस्त असतो आणि नेमक्या त्याच वेळी क्रँकची तरफ शून्य असते. म्हणजे स्फोटाचा सगळा जोर बेअरिंगांवर वाया जातो. क्रँक काढा, तिथे कॅम, तिरकी तबकडी नाहीतर दातेरी पट्टी बसवा, की मायलेज दीडपट! दर काही वर्षांनी कुणीतरी हेच देखण्या ॲनिमेशनमध्ये घालून गुंतवणूकदार शोधायला निघतो.

ऐकायला हे बिनतोड वाटतं, पण यात बल आणि कार्य यांची गल्लत आहे. कार्य म्हणजे बल गुणिले विस्थापन. गव्हाचं पोतं दिवसभर जमीन दाबत राहिलं म्हणून कुणाची ऊर्जा खर्च होत नाही. पिस्टन वरच्या टोकाला थबकतो तेव्हा दाब असतो, हालचाल नसते. काम होत नाही, म्हणून त्या कामापोटी खर्चही होत नाही. तो दाब शिल्लकच राहतो आणि क्रँक वळेल तसा वसूल होतो. वायूने पिस्टनवर किती काम केलं ते दाब-आकारमानाच्या आलेखातल्या क्षेत्रफळावरून ठरतं. पिस्टनखाली क्रँक आहे की कॅम, याची नोंद त्या आलेखात कुठेच नसते.

मग काही जण पवित्रा बदलतात: कॅमला हवा तसा आकार देऊन पिस्टनला वरच जरा जास्त वेळ थांबवता येईल, ज्वलन पूर्ण होईल. येईल थांबवता. पण तापलेला वायू जितका वेळ कोंडून ठेवाल तितकी उष्णता भिंतींतून पाण्यात जाते, आणि पेट्रोल इंजिन ठोके द्यायला लागतं ते वेगळंच.

घर्षणाचा मुद्दा मात्र खरा आहे. कनेक्टिंग रॉड तिरका होतो, पिस्टन भिंतीला रेटला जातो. पण हिशोब मांडा. इंधनातली ढोबळमानाने एक तृतीयांश उष्णता सायलेन्सरवाटे जाते, जवळपास तितकीच रेडिएटरवाटे. यांत्रिक घर्षणाचा वाटा त्याहून बराच कमी आणि त्यातही रिंगा, व्हॉल्व्ह, पंप हे भागीदार आहेतच. उलट क्रँकचा जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, तेलाच्या थरावर तरंगतो, तर कॅमवरचा रोलर जेमतेम एका रेषेवर टेकतो आणि सगळा भार त्या रेषेवर येतो.

विरोधकांच्या हातात एक चांगला पुरावा आहे. तो ते क्वचितच वापरतात, म्हणून मीच देतो. १८६७च्या पॅरिस प्रदर्शनात ओटो आणि लांगेन यांच्या इंजिनाने सुवर्णपदक मिळवलं. त्यात स्फोटाने पिस्टन मोकळा वर उडायचा आणि परत खाली येताना दातेरी पट्टीने शाफ्ट फिरवायचा. क्रँक नव्हतीच. लेन्वारच्या आधीच्या, क्रँकवाल्या गॅस इंजिनापेक्षा ते निम्म्याहून कमी गॅस खायचं. तेव्हा क्रँक हरली ना?

नाही. फायदा झाला तो वायूला पुरेपूर प्रसरण मिळाल्याने. ते इंजिन उंच, खडखडाट करणारं आणि जेमतेम तीन अश्वशक्तीपर्यंत पोचणारं होतं. १८७६ मध्ये खुद्द ओटो क्रँककडे परतला, कारण आधी दाबून मग पेटवण्यातला लाभ त्याला सापडला होता. आणि ते जादा प्रसरण? आज टोयोटाच्या हायब्रिड गाड्या इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद करून ते मिळवतात. क्रँक जागच्या जागी.

मेलबर्नचा ए. जी. एम. मिशेल हा या पंथातला सर्वांत आदरणीय माणूस. १९०५ साली त्याने कलत्या पॅडच्या थ्रस्ट बेअरिंगचं पेटंट घेतलं; जहाजाच्या पंख्याचा रेटा आजही त्याच तत्त्वावर पेलला जातो. पुढे १९२० मध्ये त्याने क्रँकविरहित इंजिनांची कंपनी काढली. शाफ्टवर तिरकी तबकडी, तिच्या दोन्ही बाजूंना त्याचेच पॅड, पिस्टन शाफ्टला समांतर. समतोल उत्तम, थरथर जवळजवळ नाही. यांत्रिकदृष्ट्या सुरेख काम होतं, तरी मोटारींत ते रुजलं नाही. क्रँकवालं इंजिन बनवायला सोपं आणि दुरुस्तीला त्याहून सोपं. आपल्याकडे तालुक्याच्या गावीही क्रँकला ग्राइंडिंग करून अंडरसाइज बेअरिंग टाकून देणारा कारागीर मिळतो. पुण्यात क्रँकशाफ्टची फोर्जिंग होतात ती जगभर जातात. हा पसारा वाकुल्या दाखवून हटत नाही.

अमेरिकेत फेअरचाइल्ड-कॅमिनेझ कंपनीने इंग्रजी आठाच्या आकाराचा कॅम विमानाच्या इंजिनात घातला. सरकारी प्रमाणपत्र क्रमांक एक त्यालाच मिळालं, पण थरथरीमुळे ते इंजिन बाद ठरलं. (व्हँकेलच्या रोटरी इंजिनाला या यादीत ओढू नका, त्यात विकेंद्री शाफ्ट आहे, आणि त्याची दुखणी सीलची आहेत.)

मग क्रँक काढायची तरी कुठे? जिथे काही फिरवायचंच नाही तिथे. दुसऱ्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांवर युंकर्सचे मुक्त-पिस्टन कॉम्प्रेसर होते: पिस्टनच्या एका टोकाला स्फोट, दुसऱ्या टोकाला दाबलेली हवा, मध्ये फिरणारं काही नाही. आज कॅलिफोर्नियाची मेनस्प्रिंग कंपनी त्याच धर्तीवर सरळ रेषेत हलणारे चुंबक आणि तारांची वेटोळी वापरून वीज बनवते. विजेला फिरणाऱ्या शाफ्टची सक्ती नाही, मग क्रँक कशाला? तिरकी तबकडीही मेली नाही. मोटारीच्या एसी कॉम्प्रेसरमध्ये ती रोज फिरते, तर अमेरिकी मार्क ४८ टॉर्पेडोच्या अरुंद नळीत समांतर सिलिंडर बसवायला तिच्याइतकं सोयीचं काही नव्हतं.

पण इथेही दावा कार्यक्षमतेचा करू नये. टोयोटाने आपल्या मुक्त-पिस्टन जनित्राच्या प्रयोगात ४२ टक्के औष्णिक कार्यक्षमता सांगितली. त्याच कंपनीचं हायब्रिडमधलं अडीच लिटरचं साधं क्रँकवालं इंजिन ४१ टक्क्यांना पोचलं. मोठी जहाजी डिझेल इंजिनं पन्नाशीच्या पुढे आहेत, आणि त्यांतल्या सर्वांत मोठ्याच्या क्रँकशाफ्टचं वजन ३०० टन आहे.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी क्रँकविरहित इंजिनात पैसे घाला म्हणाला, तर ॲनिमेशन बाजूला ठेवायला सांगा आणि विचारा: डायनॅमोमीटरवर एका किलोवॉट-तासाला किती ग्रॅम इंधन लागलं? जहाजी डिझेलचा आकडा १७०च्या आसपास आहे. त्याचा आकडा कागदावर आला नाही, तर चेकबुक खिशातच राहू द्या.