पदवीच्या सोबतीनेच अध्यापनाची सनद

बारावीनंतर चार वर्षांत पदवी आणि बी.एड. या दोन्ही पात्रता एकत्र मिळवून देणारा एकात्म अभ्यासक्रम देशात सर्वत्र रूढ करण्याचे केंद्र सरकारने ठरविले, त्याला आता काही वर्षे झाली. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत हीच शिक्षकाची किमान पात्रता असावी, असे उद्दिष्ट ठेवले. ऑक्टोबर २०२१ मध्ये तशी अधिसूचना निघाली आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून ५७ संस्थांत प्रायोगिक तत्त्वावर प्रवेश देण्याचे जाहीर झाले. माध्यमिक शाळेत शिकवू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला आधी पदवी, मग बी.एड. अशी दोन दारे ठोठावण्याची गरज यापुढे राहू नये, असा या योजनेचा आशय आहे. तो स्वागतार्ह आहे. परंतु एखाद्या योजनेचे स्वागत करणे वेगळे आणि ती ज्या जमिनीत रुजावयाची त्या जमिनीचा कस पाहणे वेगळे.

योजनेचे समर्थक पहिला मुद्दा मांडतात तो एका वर्षाच्या बचतीचा. तीन वर्षांची पदवी आणि दोन वर्षांचे बी.एड. मिळून पाच वर्षे लागतात. नव्या अभ्यासक्रमात चार पुरतात. कारकुनी करणाऱ्या पित्याच्या घरात एका वर्षाचा अर्थ फार मोठा असतो. एका वर्षाची फी, वसतिगृहाचा खर्च आणि लांबणीवर पडलेली पहिली कमाई असा हा तिहेरी हिशेब आहे. मात्र हा हिशेब मांडताना एक गोष्ट सोयीस्करपणे विसरली जाते. २०१५ पूर्वी बी.एड. एका वर्षाचेच होते आणि पदवीधर तेव्हाही चार वर्षांतच शिक्षक होत असे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षा परिषदेच्या २०१४ च्या नियमावलीने हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा केला. म्हणजे आधी एक वर्ष वाढविले आणि नंतर तेच वर्ष वाचविल्याचे श्रेय घेतले, असा हा प्रकार झाला. कोठारी आयोगाने १९६६ मध्ये पदवीधरांसाठी एका वर्षाचे प्रशिक्षण पुरेसे मानले होते. मात्र त्या वर्षातील कामाचे दिवस २३० पर्यंत वाढवावेत, अशी अट घातली होती. ही अट पाळण्याऐवजी वर्षांचीच संख्या वाढविणे प्रशासनाला सोपे वाटले असावे.

तेव्हा वर्ष वाचते हा या अभ्यासक्रमाचा खरा गुण नव्हे. विषयाचे ज्ञान आणि तो शिकविण्याची रीत ही दोन्ही एकाच काळात, एकमेकांच्या सान्निध्यात वाढावीत, हा त्यामागचा मूळ विचार आहे आणि तो मुळीच नवा नाही. कुरुक्षेत्र विद्यापीठाने १९६० मध्येच असा चार वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला होता. पाठोपाठ राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेने अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर आणि म्हैसूर येथे प्रादेशिक शिक्षण महाविद्यालये उघडली. अमेरिकेतील ओहायो राज्य विद्यापीठाचे साहाय्य त्यांना लाभले होते. प्रत्येक महाविद्यालयाला स्वतःची बहुउद्देशीय प्रात्यक्षिक शाळा जोडून देण्यात आली. महाराष्ट्र, गुजरात आणि गोव्यातील विद्यार्थ्यांसाठी भोपाळची संस्था नेमून दिलेली होती आणि आजही तीच आहे. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे कोल्हापूर जिल्ह्याचे. त्यांच्या आयोगानेही जेथे सोय असेल त्या विद्यापीठांत सामान्य शिक्षण आणि व्यावसायिक शिक्षण यांचे एकात्म अभ्यासक्रम सुरू करावेत, असे सुचविले होते. अध्यापक महाविद्यालये विद्यापीठापासून, शाळांपासून आणि परस्परांपासूनही तुटलेली आहेत, हे आयोगाचे निदान होते. साठ वर्षांनंतरही त्यात फारसा बदल करावा लागत नाही, हे नाईकांच्या द्रष्टेपणाचे जेवढे प्रमाण आहे तेवढेच आपल्या जडतेचेही आहे.

मग इतकी जुनी आणि इतकी मान्यवरांची शिफारस लाभलेली कल्पना चार-दोन संस्थांपुरतीच का उरली? प्रात्यक्षिक शाळा, प्रयोगशाळा, निवासी वसतिगृह आणि विषयांचे स्वतंत्र प्राध्यापक एवढा पसारा सांभाळणे हे सरकारी खजिन्याचेच काम होते. खासगी संस्थाचालकाच्या दृष्टीने चार खोल्या आणि सहा प्राध्यापक यांत भागणारे बी.एड. महाविद्यालय कितीतरी सुटसुटीत. महाराष्ट्राने तर या सुटसुटीतपणाची परिसीमा गाठली. येथील डी.एड. विद्यालयांच्या मान्यतेचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि त्यातूनच न्या. जे. एस. वर्मा यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला गेला. त्या आयोगाने २०१२ मध्ये देशातील एकाकी अध्यापक संस्थांचे जे चित्र रंगविले, त्याचाच आधार घेऊन राष्ट्रीय धोरणाने दहा हजारांहून अधिक संस्थांपैकी बहुसंख्य संस्था केवळ पदव्यांची विक्री करतात, असे स्पष्ट शब्दांत नमूद केले. नव्या अभ्यासक्रमाला बहुविद्याशाखीय संस्थेची अट आहे ती यामुळेच. अट योग्य आहे. पण कला व विज्ञान महाविद्यालयाच्या आवारात बी.एड. चा फलक हलविला म्हणजे संस्था बहुविद्याशाखीय झाली, असे मानण्याची कला आपल्याकडे अवगत आहे, हेही विसरता येत नाही.

अभ्यासक्रमाची रचना पाहिली तर एकूण १६० श्रेयांकांपैकी ६४ विषयज्ञानासाठी आणि २० शालेय अनुभवासाठी ठेवलेले आहेत. उरलेला भाग शिक्षणाची तात्त्विक बैठक, अध्यापनपद्धती, भाषाकौशल्ये आणि तत्सम गोष्टींचा. येथे जाणत्या शिक्षकांच्या मनात पहिली शंका येते ती विषयाच्या खोलीबद्दल. गणितात पदवी घेणारा विद्यार्थी तीन वर्षे मुख्यतः गणितच करतो. चार वर्षांच्या विद्यार्थ्याला तेवढे गणित मिळेल काय? शंका रास्त आहे, परंतु तिचे उत्तर केवळ तासांच्या बेरजेत सापडणार नाही. नववीतल्या मुलाला ऋण संख्यांचा गुणाकार धन का येतो हे समजत नाही, तेव्हा शिक्षकाला उपयोगी पडते ते पदवीचे उच्च गणित नव्हे, तर त्या साध्या नियमाच्या मुळाशी असलेला विचार. तो विचार पदवीच्या वर्गात कोणी शिकवीत नाही आणि बी.एड. च्या वर्गात तर विषयाला हातच लावला जात नाही. विषयाचा प्राध्यापक आणि अध्यापनपद्धतीचा प्राध्यापक एकाच वर्गात, एकाच पाठावर चर्चा करू लागले, तरच ही फट बुजेल. त्यांची दालने वेगळ्या इमारतींत आणि वेळापत्रके वेगळ्या फळ्यांवर राहिली, तर एकात्म हा शब्द केवळ गुणपत्रिकेपुरताच उरेल.

दुसरी शंका वयाविषयी आहे. सतराव्या वर्षी मुलाने वा मुलीने शिक्षक व्हावयाचे निश्चित करावे, ही अपेक्षा कितपत वाजवी? वैद्यक आणि अभियांत्रिकीचा निर्णय त्याच वयात घेतला जातो, असे उत्तर दिले जाते. पण त्या निर्णयामागे घरादाराची महत्त्वाकांक्षा उभी असते. शिक्षकी पेशाच्या मागे आज ती नाही, हे मान्य केले पाहिजे. अर्थात पदवीनंतर बी.एड. कडे वळणारे सगळेच परिपक्व विचाराने वळतात, असेही नाही. दुसरीकडे काही जमले नाही म्हणून आलेल्यांची संख्या अध्यापक महाविद्यालयातील कोणत्याही प्राध्यापकाला ठाऊक असते. या संदर्भात टेक्सास विद्यापीठाने ऑस्टिन येथे १९९७ मध्ये सुरू केलेला उपक्रम पाहण्यासारखा आहे. विज्ञान आणि गणिताच्या पदवी विद्यार्थ्याला तेथे पहिल्याच सत्रात शाळेत नेऊन प्रत्यक्ष पाठ घ्यावयास लावतात. पाठ जमला, आवडला, तर पुढे जावे. नाहीतर पदवीचे काही न गमावता बाजूला व्हावे. पदवी तीच, त्याच विभागाची. शिक्षकाची सनद तिच्या जोडीने मिळते. आपल्याकडे प्रवेशपरीक्षेच्या दिवशीच भवितव्यावर शिक्का मारण्याची सवय आहे. त्याऐवजी पहिल्या वर्षाच्या अखेरीस विद्यार्थ्याला मोकळेपणाने माघार घेता येईल आणि नेहमीच्या पदवी वर्गात सामावून घेतले जाईल, अशी सोय विद्यापीठांनी केली, तर निरुत्साही शिक्षकांची एक मोठी तुकडी तरी टळेल.

खरी कसोटी लागते ती शाळेत. बी.एड. चे छात्राध्यापक शाळेत येतात तेव्हा काय घडते, हे प्रत्येक शिक्षकाने पाहिले आहे. मुख्याध्यापक वेळापत्रकाकडे पाहून सुटकेचा नि:श्वास सोडतात, वर्गशिक्षक उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन शिक्षक-खोलीत जातात आणि छात्राध्यापक रंगीत तक्ता, पाठटाचण आणि थोडीशी थरथर घेऊन वर्गात शिरतो. मागच्या बाकावर बसलेला निरीक्षक दोन पाठांमधून अर्धा अर्धा वेळ देतो आणि ठरलेले शेरे वहीत उतरतात. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात वीस आठवड्यांची आंतरवासिता ठेवली गेली, पण ज्या शिक्षकाच्या वर्गात ती पार पडावयाची त्याचा कार्यभार एका तासानेही कमी झाला नाही. मार्गदर्शक शिक्षक हे पद कागदावरच आहे. त्याला ना वेळ, ना मानधन, ना मूल्यमापनात निर्णायक मत. भोपाळच्या संस्थेला स्वतःची शाळा आहे. जिल्ह्याच्या गावच्या महाविद्यालयाला ती असणार नाही. तेथे आसपासच्या पाच-सहा शाळांशी कायमचा करार करून, त्यातील अनुभवी शिक्षकांना महाविद्यालयाच्या अध्यापकवर्गात मानाचे स्थान द्यावे लागेल. चार वर्षांच्या मुदतीचा हा सर्वांत मोठा लाभ होऊ शकतो. एकच विद्यार्थी आठवीतल्या एका वर्गाला दहावीपर्यंत वाढताना पाहू शकतो. आजवरच्या कोणत्याही सराव पाठात हे शक्य नव्हते.

भाषेचा प्रश्न याहून नाजूक आहे. प्रवेशपरीक्षा मराठीसह तेरा भाषांतून देता येते, ही समाधानाची गोष्ट. परंतु पुढे विज्ञान शाखेचे विषयज्ञान इंग्रजीतूनच दिले जाणार आणि शिकवावयाचे मात्र मराठी वा सेमी-इंग्रजी वर्गात. आज माध्यमिक शाळांतील विज्ञानशिक्षक दोन भाषांच्या मध्ये स्वतःच्या बुद्धीने पूल बांधतात; संज्ञा इंग्रजी, वाक्य मराठी आणि प्रश्नोत्तरे पाठ्यपुस्तकातील, अशी त्यांची तारांबळ असते. पदवीचे शिक्षण घेत असतानाच हा पूल शास्त्रशुद्ध रीतीने बांधावयास शिकविता येईल, अशी संधी पूर्वी कधी आली नव्हती. त्यासाठी मराठीतून लिहिलेली अध्यापनपद्धतीची चांगली पुस्तके लागतील आणि ती लिहिणारे प्राध्यापक लागतील. तूर्त बाजारात चलती आहे ती मार्गदर्शिकांची.

एवढे सारे जमून आले तरी हातात सनद घेतलेला तरुण ज्या दारात उभा राहतो ते दार केव्हा उघडते, हे पाहिल्याशिवाय हा विचार पुरा होत नाही. महाराष्ट्रात शिक्षक भरतीसाठी अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी अनिवार्य झाली. पहिली चाचणी डिसेंबर २०१७ मध्ये झाली. दुसरी फेब्रुवारी-मार्च २०२३ मध्ये. तिसरी २०२५ मध्ये. पहिल्या दोन चाचण्यांत पाच वर्षांहून अधिक अंतर पडले. या काळात बी.एड. झालेल्यांनी काय केले? काहींनी विनाअनुदानित शाळांत नाममात्र पगारावर काम केले, काही घड्याळी तासिकांवर राबले, काही खासगी शिकवण्यांत रमले आणि अनेकांनी वयोमर्यादेचे दिवस मोजले. चाचणी उत्तीर्ण होऊन पवित्र प्रणालीवर नाव आले, तरी संचमान्यतेत पद उरले पाहिजे. आणि पद मिळाले तरी पहिली तीन वर्षे शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काढावयाची. माध्यमिक शिक्षण सेवकाचे मानधन २०२३ मध्ये ८ हजारांवरून १८ हजार झाले. ही वाढ मोठी खरी, पण वेतनश्रेणी ती नव्हे. अभ्यासक्रमात वाचविलेले एक वर्ष भरतीच्या प्रतीक्षेत पाच वर्षे होऊन परत वसूल केले जाणार असेल, तर हुशार विद्यार्थी या वाटेला का येईल? केंद्राने अभ्यासक्रम ठरवावा आणि राज्याने भरती करावी, अशी विभागणी असल्यामुळे या प्रश्नाला उत्तरदायी कोणीच राहत नाही.

उशिरा जाग आलेल्यांसाठीची वाटही बंद होता कामा नये. पदव्युत्तर शिक्षण घेतल्यावर किंवा काही वर्षे अन्यत्र नोकरी केल्यावर शाळेकडे वळलेली माणसे अनेकदा उत्तम शिक्षक ठरतात. राष्ट्रीय धोरणातच अशांसाठी एका वर्षाच्या बी.एड. ची तरतूद आहे आणि २०२५ च्या प्रारंभी परिषदेने प्रसिद्ध केलेल्या नियमावलीच्या मसुद्यात ती पुन्हा आली. चार वर्षांच्या अभ्यासक्रमाची सक्ती घाईने केली, तर ग्रामीण भागातील ज्या मुलींना जवळच्या कला महाविद्यालयात तीन वर्षांची पदवी कशीबशी मिळते, त्यांना शिक्षकी पेशाचे दार जिल्ह्याच्या ठिकाणी, निवडक संस्थेतच उघडेल. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती यांची तजवीज त्याआधी झाली पाहिजे, सक्ती मागाहून.

प्रायोगिक वर्षात म्हणजे २०२३ मध्ये दाखल झालेल्या तुकडीची चार वर्षे २०२७ मध्ये पुरी होतात. त्या वर्षी महाराष्ट्रात अभियोग्यता चाचणी होणार की नाही, नव्या दुहेरी पदवीला सेवाप्रवेश नियमांत आणि ज्येष्ठता यादीत कोणते स्थान राहणार, आणि संस्थाचालकांच्या बिंदुनामावलीत त्यासाठी किती जागा मोकळ्या असणार, हे शिक्षण खात्याने त्या तुकडीच्या अखेरच्या परीक्षेपूर्वी लेखी जाहीर करावयास हवे.