नियम १७० गेला, जबाबदारी राहिली

सन २०२५ च्या उत्तरार्धात आपल्या व्यवसायाशी निगडित दोन घटना पाठोपाठ घडल्या. २२ सप्टेंबरपासून आयुर्वेदिक औषधांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ही वार्ता औषधालयांत तत्काळ पोहोचली आणि जुन्या साठ्याच्या किमतींचे हिशेबही लगोलग सुरू झाले. त्याच्या सहा आठवडे आधी, ११ ऑगस्ट रोजी, सर्वोच्च न्यायालयाने औषधांच्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयीची याचिका निकाली काढली आणि औषधी नियमावलीतील नियम १७० वगळण्याला पूर्वी दिलेली स्थगितीही संपुष्टात आणली. ही वार्ता मात्र आपल्यापैकी अनेकांपर्यंत अर्धवटच आली. "आता जाहिरातीला परवानगी लागत नाही," एवढे एकच वाक्य तोंडोतोंडी फिरले. ते शब्दशः खरे आहे. परंतु त्यातून काढला जाणारा अर्थ चुकीचा आहे आणि धोक्याचाही आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

नियम आला कसा, गेला कसा

औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा, १९४० याखालील १९४५ च्या नियमावलीत नियम १७० हा डिसेंबर २०१८ मध्ये घालण्यात आला. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधाच्या निर्मात्याने जाहिरात करण्यापूर्वी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे अर्ज करावा, जाहिरातीसाठी विशिष्ट ओळख क्रमांक घ्यावा आणि मगच ती प्रसिद्ध करावी, असा त्याचा आशय होता. अश्लील मजकूर, लैंगिक सामर्थ्यवृद्धीचे दावे, नामवंतांची छायाचित्रे किंवा प्रशस्तिपत्रे, शासकीय संस्थांचा उल्लेख आणि परिणामकारकतेची अतिशयोक्ती या कारणांवरून अर्ज फेटाळण्याची तरतूद होती.

निर्मात्यांनी या नियमाला विरोध केला आणि त्या विरोधात काही तथ्यही होते. दहा-बारा औषधे बनविणाऱ्या लहान निर्मात्याने प्रत्येक जाहिरातीसाठी अर्ज करून कार्यालयाचे उंबरठे झिजवावेत, आणि मोठ्या कंपनीने कायदेतज्ज्ञांची फौज उभी करून तेच काम सहज पार पाडावे, ही विषमता उघड होती. मे २०२३ मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधी तांत्रिक सल्लागार मंडळाने हा नियम वगळण्याची शिफारस केली. २९ ऑगस्ट २०२३ रोजी आयुष मंत्रालयाने राज्यांना पत्र पाठवून या नियमाखाली कारवाई करू नये असे कळविले.

त्याच सुमारास इंडियन मेडिकल असोसिएशनने २०२२ साली दाखल केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयात चालू होती. पतंजलीच्या जाहिराती आणि त्यावरील न्यायालयाचे ताशेरे सर्वांना ठाऊक आहेत. त्यांची पुनरुक्ती नको. नियम पुस्तकात असताना केवळ पत्राने तो निष्प्रभ कसा करता येतो, हा प्रश्न न्यायालयात उपस्थित झाला. त्यानंतर १ जुलै २०२४ च्या अधिसूचनेने नियमच वगळण्यात आला. २७ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायालयाने त्या अधिसूचनेला स्थगिती दिली आणि वर प्रारंभी सांगितल्याप्रमाणे २०२५ साली ती स्थगिती संपली. पूर्वपरवानगीचे प्रकरण असे मिटले.

काय उरले?

नियम गेला तरी औषधे व जादुई उपचार (आक्षेपार्ह जाहिराती) कायदा, १९५४ तसाच उभा आहे. हा कायदा नियम १७० पेक्षा ६४ वर्षांनी जुना आणि त्याहून कितीतरी कठोर आहे. त्याच्या कलम ३ प्रमाणे, परिशिष्टातील रोगांचे निदान, निवारण, उपशमन, उपचार किंवा प्रतिबंध यांसाठी अमुक औषध वापरावे असे सुचविणाऱ्या जाहिरातीच्या प्रसिद्धीत कोणीही भाग घेऊ नये. परिशिष्टात मधुमेह, कर्करोग, हृद्रोग, रक्तदाब, पक्षाघात, मूतखडा, संधिवात, स्थूलता, अपस्मार, वंध्यत्व आदी ५४ नोंदी आहेत.

येथे एक बाब नीट ध्यानात घ्यावी. कलम ३ दावा खरा की खोटा हे विचारतच नाही. खोट्या व दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींसाठी कलम ४ स्वतंत्र आहे. "माझ्या औषधाने शेकडो मधुमेही रुग्णांना गुण आला, त्यांची कागदपत्रे माझ्याजवळ आहेत," हा कलम ३ पुढे बचाव होऊ शकत नाही.

दुसरी बाब 'जाहिरात' या शब्दाच्या व्याख्येची. सूचनापत्र, परिपत्रक, वेष्टन, लेबल यांबरोबरच तोंडी केलेली घोषणा आणि प्रकाश, ध्वनी किंवा धूर यांच्या साह्याने केलेली घोषणाही तीत येते. १९५४ साली भ्रमणध्वनी नव्हता. परंतु व्हॉट्सॲपवरील संदेश आणि यूट्यूबवरील चित्रफीत या व्याख्येबाहेर राहतील असे कोणी समजू नये.

याखेरीज ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ आहे. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल उत्पादकाला किंवा जाहिरातीतून औषधाची शिफारस करणाऱ्या व्यक्तीला १० लाख रुपयांपर्यंत, आणि पुन्हा तसे घडल्यास ५० लाखांपर्यंत दंड करण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला आहे. शिफारस करणाऱ्यास एक वर्षापर्यंत, पुनरावृत्तीत तीन वर्षांपर्यंत, अशा शिफारशींपासून दूर ठेवता येते. कंपनीच्या आग्रहास्तव पांढरा कोट घालून चित्रफितीत उभे राहणाऱ्या तरुण वैद्याने हे कलम एकदा तरी वाचावे.

आणि अंमलबजावणी? २६ मार्च २०२५ च्या आदेशाने सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना १९५४ च्या कायद्याखालील अधिकारी नेमण्यास आणि नागरिकांना तक्रार नोंदविता येईल अशी यंत्रणा दोन महिन्यांत उभारण्यास सांगितले. म्हणजे पूर्वी जाहिरात अधिकाऱ्याच्या मेजावरून जात असे. आता ती थेट लोकांसमोर जाईल आणि तक्रार झाली तर अधिकारी आपल्या दारी येईल. परवानगीच्या कागदाची ढालही आता हाती नाही.

औषधालय आणि चिकित्सालय

आयुर्वेदिक औषधांच्या किरकोळ विक्रीला स्वतंत्र परवाना लागत नाही. त्यामुळे कायदा निर्मात्यासाठी आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, अशी अनेक औषधालयचालकांची समजूत असते. कंपनीचा प्रतिनिधी येतो, "मधुमेहापासून मुक्ती" असा रंगीत फलक काचेवर चिकटवतो, मेजावर हस्तपत्रकांचा गठ्ठा ठेवतो आणि निघून जातो. कलम ३ मधील शब्द मात्र 'प्रसिद्धीत कोणताही भाग घेणे' असे आहेत. फलक ज्याच्या काचेवर आहे, प्रश्न प्रथम त्यालाच विचारला जाईल. प्रतिनिधी तेव्हा दुसऱ्या जिल्ह्यात असेल.

वैद्यांना कायद्याने दोन सवलती दिल्या आहेत आणि दोन्ही मर्यादित आहेत. पहिली १९५४ च्या कायद्यातील कलम १४ ची. नोंदणीकृत वैद्याने आपल्या चिकित्सालयाच्या जागेत, अमुक रोगावर येथे उपचार केले जातात, असा फलक लावण्यास हरकत नाही. रोग परिशिष्टातील असला तरीही. परंतु हाच मजकूर वर्तमानपत्रातून घरोघरी टाकलेल्या पत्रकावर आला की तो फलक राहत नाही. "उपचार केले जातात" या जागी "हमखास बरा होतो" असे लिहिले तर त्या सवलतीचा आधार सुटतो.

दुसरी सवलत १९४० च्या कायद्यातील कलम ३३ ईईसी ची. वैद्याने स्वतःच्या रुग्णांसाठी औषध तयार केल्यास त्याला निर्मितीच्या परवान्याचे बंधन नाही. आपल्या परंपरेचा कायद्याने केलेला हा सन्मान आहे. मात्र 'स्वतःच्या रुग्णांसाठी' या शब्दांत त्याचा सारा अर्थ सामावला आहे. नाडी पाहिली नाही, प्रकृती विचारली नाही, केवळ दूरध्वनीवर मागणी आली म्हणून तेलाच्या बाटल्या कुरिअरने धाडल्या, तर तो ग्राहक झाला, रुग्ण नव्हे. या सवलतीचा असा गैरवापर वाढला तर उद्या ती काढून घेण्याची मागणी होईल, आणि तेव्हा जो वैद्य निष्ठेने घरी काढे, तेले व घृते सिद्ध करतो त्याचे नुकसान होईल.

आपले म्हणणेही आहे

याचा अर्थ १९५४ चा कायदा निर्दोष आहे असा नव्हे. जगातून १९८० साली हद्दपार झाल्याचे घोषित झालेली देवी आजही त्याच्या परिशिष्टात आहे. 'ज्वर (सर्वसाधारण)' आणि 'स्त्रीरोग (सर्वसाधारण)' इतक्या मोघम नोंदी आहेत की सुदर्शन चूर्णाची साधी माहिती देतानाही हात आखडावा लागतो. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने दुरुस्तीचा मसुदा प्रसिद्ध केला होता. त्यात नोंदी ७८ पर्यंत वाढविण्याचा आणि शिक्षा कठोर करण्याचा प्रस्ताव होता. त्या मसुद्याचा कायदा झाला नाही. ग्रंथोक्त औषधाचा ग्रंथोक्त अधिकार संयमित शब्दांत सांगणे आणि असाध्य रोग बरा करण्याची हमी देणे या दोहोंत कायद्याने भेद करावा, ही आपली मागणी रास्त आहे.

परंतु ही मागणी घेऊन आपण जाऊ तेव्हा समोरचा अधिकारी आपल्याच बंधूंची पत्रके आपल्यापुढे मांडील. त्यावर उत्तर हवे असेल तर सुरुवात घरापासून करावी लागेल. माझ्या तीन सूचना आहेत. संघटनेने तिघा ज्येष्ठांची समिती नेमावी, सभासदांनी आपली पत्रके, फलक व चित्रफितींचा मजकूर तिच्याकडे आधी पाठवावा आणि समितीने पंधरा दिवसांत अभिप्राय द्यावा. हे बंधन ऐच्छिक असावे. परंतु अभिप्राय डावलणाऱ्याची बाजू संघटनेने घेऊ नये. दुसरे, प्रत्येक औषधालयाने काचेवरचे व मेजावरचे साहित्य परिशिष्टाशी एकदा ताडून पाहावे आणि निर्मात्याकडून परवान्यातील मान्य गुणधर्मांची प्रत मागून घ्यावी. तिसरे आपल्या त्रैमासिकासंबंधी आहे. औषधाची माहिती केवळ नोंदणीकृत व्यावसायिकांना खासगीरीत्या पाठविण्यास कलम १४ ची मुभा आहे, पण तिच्या अटी आहेत आणि आपला अंक दुकानाच्या मेजावरही पडलेला असतो. तेव्हा पहिली तपासणी याच अंकातील जाहिरातींची व्हावी.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायात प्राणाभिसर आणि रोगाभिसर असे वैद्यांचे दोन प्रकार सांगितले. त्यांतील दुसऱ्याचे वर्णन करताना, वैद्याचा वेष धारण करून स्वतःचीच स्तुती करीत रोग्यांच्या शोधात गल्ल्यांतून हिंडणारे लोक त्यांनी आपल्यापुढे उभे केले आहेत. त्या काळी नियम १७० नव्हता आणि १९५४ चा कायदाही नव्हता. हा भेद शास्त्रानेच केला होता आणि तो पाळण्याचे दायित्व वैद्यांवर होते. आज शासनाने पूर्वपरवानगीचे बंधन काढून ते दायित्व पुन्हा आपल्या हाती दिले आहे. आपण ते पेलले नाही, तर पुढचा नियम लिहिताना आपल्याला कोणी विचारणार नाही.