धावपट्टीवरची तार, रस्त्यावरचा उंचवटा

सोलापूरहून गोव्याला विमान सुरू झाले २०२५ च्या जूनमध्ये. तेव्हापासून ओपीडीत रक्तदाब मोजून होईपर्यंत विमानाच्या गप्पा निघतात. परवा एका शेतकऱ्याने विचारले, "डॉक्टर, विमान थांबलंच नाही तर? तिथं ब्रेकर असतो का?"

असतो, पण लढाऊ विमानांसाठी. धावपट्टीच्या आडवी पोलादी तार ताणलेली असते आणि विमानाच्या शेपटीखालचा हूक तिच्यात अडकतो. गोव्यात नौदलाच्या आयएनएस हंसा तळावर तेजसचे नौदलासाठीचे विमान १३ सप्टेंबर २०१९ रोजी असेच तारेने थांबवले गेले. विमानवाहू नौकेवर उतरण्याआधीची ती चाचणी होती. ताशी दोनशे किलोमीटरहून जास्त वेग काही सेकंदांत शून्यावर येतो.

तार जमिनीला चिकटलेली असेल, तर हूक तिच्यावरून घसरून जाईल. म्हणून रबरी चकत्या ओवून ती सुमारे दोन इंच उचलून धरतात. जड विमानाला या दोन इंचांचे काही वाटत नाही. छोट्या विमानाचे मात्र चाक लहान आणि पंखा जमिनीपासून थोडाच वर. वेगात तारेवरून गेले तर चाकाचा सांगाडा दुखावतो, उसळलेली तार पंख्याला किंवा पोटाला लागू शकते. शेपटीखाली चाक असेल, तर तेच तारेत अडकण्याची भीती.

म्हणून तार जिथे असते, तिथे धावपट्टीवर मोठी पिवळी वर्तुळे रंगवण्याची पद्धत आहे. वैमानिकाच्या नकाशात तारेची जागा छापलेली असते. छोट्या विमानाने तारेच्या पुढे उतरावे किंवा ती अगदी सावकाश ओलांडावी, असा सल्ला असतो. काही तळांवर नको असेल तेव्हा तार खोबणीत उतरवतात.

आता आपला बार्शी-सोलापूर परिसर बघा. गावाजवळ ट्रकखाली एखादे लेकरू जाते आणि दुसऱ्या दिवशी रस्त्यावर उंचवटा उभा राहतो. मी गावकऱ्यांना दोष देणार नाही. त्या घरात मीही गेलो आहे. पण ट्रकसाठी घातलेल्या त्या उंचवट्यावर अंधारात मोटरसायकल आपटते, आणि मागे एका अंगाला पाय सोडून बसलेली बाई रस्त्यावर फेकली जाते. डोक्याला मार लागलेल्या अशा बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत.

याहून गुपचूप होणारी इजा मणक्याची. एसटीच्या मागच्या बाकावर बसलेली साठीची आजी उंचवट्यावर वर उडते आणि बाकावर आदळते. पन्नाशीनंतर बायकांची हाडे ठिसूळ होत जातात. पाठ आणि कंबर जिथे जुळतात, तिथला मणका दबतो. घरचे म्हणतात, उसण भरली. चोळणे, शेकणे यांत पंधरा दिवस जातात आणि मग एक्स-रेत मणका पाचरीसारखा चेपलेला दिसतो.

भारतीय रस्ते काँग्रेसच्या मापानुसार गोल उंचवटा दहा सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असावा. म्हणजे ताशी २५ किलोमीटरने वाहन अलगद जाते. त्यावर पांढरे पट्टे आणि अलीकडे सूचनाफलक हवा. आपल्याकडचे कितीतरी उंचवटे मात्र हातभर रुंदीचे, पट्टा नाही, फलक नाही. धावपट्टीवर प्रशिक्षित वैमानिकासाठीही खूण करतात. इथे ओझे घेऊन निघालेल्या माणसाला ती नको? एक डबा रंग आणि एक पाटी यांसाठी मोठ्या निधीची वाट पाहण्याचे कारण मला कळलेले नाही.

तोवर वयस्क माणसांना एसटीत पुढच्या बाकांवर बसवा. मोटरसायकलवर मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट द्या. दणका बसल्यावर पाठ दुखू लागली तर चोळू नका, एक्स-रे काढा. पायांना मुंग्या आल्या, पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर त्याच रात्री दवाखाना गाठा.