अतिरिक्त कार्यभार

आपल्या महाविद्यालयांच्या नामफलकांवर एक शब्द कायमचा मुक्कामाला आला आहे : प्रभारी. प्रभारी प्राचार्य, प्रभारी ग्रंथपाल, प्रभारी विभागप्रमुख. संस्कृत वळणाचा असल्याने तो कानाला भारदस्त लागतो. त्यात भार आहे, पद मात्र नाही. मूळ व्यवस्था साधी होती. पद अचानक रिकामे झाले, तर रीतसर निवड होईपर्यंत कुणीतरी ते सांभाळावे. ही काही महिन्यांची सोय वर्षानुवर्षे चालू राहिली, की तिला सोय म्हणता येत नाही. ते धोरण झालेले असते.

ह्या धोरणाचा हिशेब पाहण्याजोगा आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनी प्राचार्यपदाची मुदत पाच वर्षांची ठरवली. निवड समितीसमोरून आलेल्या प्राचार्याला त्या पाच वर्षांत व्यवस्थापनाला एखादी गोष्ट नियमात बसत नाही असे सांगता येते. प्रभारी माणसाला मात्र एका पत्राने पूर्वपदावर पाठवता येते, आणि हे दोन्ही पक्षांना ठाऊक असते. पद रिकामे ठेवल्याने पैसा वाचतो हे खरे. पण त्याहून मोठी बचत नकाराची होते. प्रभारी सही करतो. ‘जबाबदारी’ ह्या शब्दातच जबाब देण्याचे बंधन आहे. नॅकच्या समितीला, विद्यापीठाला, लेखापरीक्षकाला जबाब त्यानेच द्यायचा. निर्णय मात्र दुसऱ्या खोलीत झालेला असतो.

भाराचा स्वभाव खाली घसरण्याचा. ज्येष्ठ प्राध्यापकाकडे प्राचार्यपद आणि नॅकचे समन्वयकपद आले, की त्याचे वर्ग तासिका तत्त्वावरच्या अध्यापकाकडे जातात. ह्या अध्यापकाला मानधन तासाचे मिळते. पण प्रवेश समिती, वार्षिक अंकाचे संपादन, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर, नॅकच्या फायली ह्यांपैकी कशालाही ‘तास’ म्हणत नाहीत. तो नेट किंवा सेट उत्तीर्ण असतो, अनेकदा पीएच.डी.ही असतो. पुढच्या जूनमध्ये तासिका मिळतील की नाही हे ज्यांच्या हाती असते, तेच त्याला शिबिराला जायला सांगतात. ह्याला विनंती कसे म्हणावे?

कागदावर सगळे ठीक आहे. त्याच २०१८ च्या विनियमांत कंत्राटी अध्यापकांची संख्या एकूण पदांच्या १० टक्क्यांपेक्षा अधिक नसावी, आणि त्यांचे वेतन नियमित सहायक प्राध्यापकापेक्षा कमी नसावे, असे म्हटले होते. आयोगाने २०१९ मध्ये अतिथी अध्यापकांसाठी व्याख्यानाला १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये हा दर सांगितला. आपल्या महाविद्यालयात हे दोन्ही आकडे प्रत्येकाने स्वतः ताडून पाहावेत. त्याहून जिव्हारी लागणारी अट पुढे आहे. पूर्वीची तात्पुरती सेवा पदोन्नतीसाठी धरायची, तर त्या काळातले वेतन नियमित अध्यापकाइतके असले पाहिजे. म्हणजे आधी वेतन कमी द्यायचे, आणि ते कमी होते म्हणून ती वर्षे मोजायची नाहीत. दहा वर्षे शिकवलेला माणूस अशा रीतीने अनुभवशून्य ठरतो.

ह्यावर ठरलेले उत्तर म्हणजे त्यागाची परंपरा. ‘आपली संस्था आहे, आपणच नाही केले तर कोण करणार?’ परंपरा खरी आहे. म्हणूनच तिचा दाखला नीट द्यायला हवा. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे सेवा करण्यास बांधलेले होते. गोखले आणि कर्वे ह्यांनी ते निभावले. पण हे सदस्य संस्थेचे नोकर नव्हते. संस्थेचा कारभार त्यांच्याच हाती होता. वेतन आणि बाहेरची कामे ह्या प्रश्नांवर ते आपसांत कडाडून भांडत, आणि त्या वादाची परिणती १८९० मध्ये टिळकांच्या राजीनाम्यात झाली. ज्यांना निर्णयाचा अधिकार होता, त्यांनी स्वतःवर घालून घेतलेले ते बंधन होते. आज अधिकार एकीकडे आणि त्याग दुसरीकडे अशी वाटणी झाली आहे. दुसऱ्याने करायच्या त्यागाला आपल्या भाषेत वेठ असा जुना शब्द आहे.

अध्यापनाचे सगळेच काम घड्याळात बसत नाही, हे अर्थातच मान्य. सहकारी आजारी पडला तर त्याचा वर्ग आपण घेतो. विद्यार्थ्याची एकांकिका बसवायला संध्याकाळी थांबतो. त्याचे बिल कुणी मागत नाही, मागूही नये. मदत आणि वेठ ह्यांतला भेद कामाच्या स्वरूपात नसतो. नाही म्हणण्याची मुभा आहे का, आणि केलेले काम करणाऱ्याच्या नावावर लागते का, ह्या दोन प्रश्नांत तो असतो.

सर्वोच्च न्यायालयाने ह्याबाबत पूर्वीच स्पष्ट भूमिका घेतली आहे. अंदमान-निकोबारमधल्या एका प्राथमिक शिक्षकाला वरच्या पदाचे काम सांभाळायला लावले होते. ती पदोन्नती नव्हती हे मान्य करूनही, त्या काळाच्या वेतनातला फरक त्याला द्यावा, असे न्यायालयाने १९९८ मध्ये म्हटले. चंदिगढच्या एका कनिष्ठ अभियंत्याच्या प्रकरणात त्याच वर्षी ते आणखी पुढे गेले. वरच्या पदावर तात्पुरते काम करताना त्या पदाचे लाभ मागणार नाही असे कबूल करून घेतले असले, तरी असा करार करार-कायद्याच्या कलम २३ नुसार सार्वजनिक धोरणाविरुद्ध ठरतो. हमीपत्रावर सही घेतली म्हणजे अन्याय नियमित होत नाही, एवढा त्याचा सरळ अर्थ.

न्यायालयात प्रत्येकाने जावे असे कुणी म्हणणार नाही. तेवढी ऐपत आणि आयुष्य कुणाकडे आहे? पण एक गोष्ट कायम सेवेतल्या प्राध्यापकांना उद्यापासून करता येईल. अतिरिक्त काम तोंडी स्वीकारू नये. लेखी आदेश मागावा, आणि त्यात मुदत किती, अधिकार कोणते, मोबदला काय, ह्या तीन गोष्टी असाव्यात. मोबदला शून्य असेल तर शून्य असे लिहून मागावे. तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्याला काम सांगताना त्याच्या नावाचा आदेश निघाला की नाही, हे आपणच पाहावे. त्याला ते मागता येत नाही. आपल्याला येते, कारण आपली नोकरी एका पत्राने जात नाही.

वर्गात आपण शोषणाविषयीच्या कादंबऱ्या शिकवतो आणि विद्यार्थी त्या मन लावून ऐकतात. तास संपल्यावर शेजारच्या खोलीत त्यांचे सर कोणत्या अटीवर काम करतात, हेही त्यांना दिसत असते. त्यांच्यातलेच काही पुढे ह्याच खोलीत येणार आहेत. कोणत्या अटी त्यांना मिळतील, हे आपण आज काय लिहून मागतो त्यावर बरेचसे ठरेल.